मुलाचा फोन गुपचूप पाहिला. आता त्याला सांगावे का?

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. गेले काही महिने तो रात्री उशिरापर्यंत एक ऑनलाइन खेळ खेळतो आणि खेळताना हेडफोन लावून कुणाशीतरी बोलत असतो. मागच्या आठवड्यात तो झोपल्यावर मी त्याचा फोन उघडून पाहिला. त्या खेळातच ओळख झालेल्या एका मुलाशी त्याचे रोज बोलणे चालते. समोरचा स्वतःला १६ वर्षांचा म्हणवतो. त्याने माझ्या मुलाला खेळातल्या वस्तू दोनदा भेट दिल्या आहेत. संदेश आपोआप पुसले जातात अशा दुसऱ्या ॲपवर ये, असा त्याचा आग्रह चालू आहे. 'घरी सांगू नकोस, त्यांना यातले काही कळत नाही,' असे त्याने लिहिले आहे आणि नुकतेच 'तुझा एखादा फोटो पाठव ना,' असेही म्हटले आहे. मुलाने अजून फोटो पाठवलेला दिसत नाही. फोन काढून घ्यावा आणि विषय संपवावा, असे माझ्या पतींचे मत आहे. मैत्रिणीने फोनवर गुपचूप लक्ष ठेवणारे एक ॲप सुचवले आहे. मी फोन पाहिला हे मुलाला सांगावे की नाही, इथेच माझे पाऊल अडले आहे. त्यात ११ वर्षांची धाकटी मुलगी खोटी जन्मतारीख घालून इन्स्टाग्रामवर खाते उघडून द्या म्हणून मागे लागली आहे. काय करावे?
एक आई

उत्तर :

सप्रेम नमस्कार,

तुमची शंका निराधार नाही, हे आधी सांगते. पत्रात तुम्ही नोंदवलेल्या गोष्टी सुट्या सुट्या पाहिल्या तर त्यांतली क्वचितच एखादी आक्षेपार्ह ठरेल. खेळात ओळखी होतात, सोबत खेळणारे एकमेकांना वस्तू देतात, मुले एका ॲपवरून दुसऱ्या ॲपवर सहज जातात आणि आईवडिलांना काही कळत नाही असे वाटणे हा तर चौदाव्या वर्षाचा धर्मच आहे. मात्र भेटवस्तू, दुसरीकडे येण्याचा आग्रह, घरापासून लपवण्याची सूचना आणि फोटोची मागणी या चारही गोष्टी एकाच व्यक्तीकडून येतात, तेव्हा त्याकडे गांभीर्याने पाहावे लागते, कारण मुलांना जाळ्यात ओढणाऱ्या प्रौढांची रीत साधारण अशीच असते. भेटीमुळे मुलाच्या मनावर उपकाराचे ओझे येते. खेळात गैरवर्तनाची तक्रार करण्याची सोय असते आणि काही ठिकाणी संभाषण आपोआप तपासलेही जाते. संदेश पुसणाऱ्या खासगी ॲपवर गेल्यावर ती देखरेख संपते आणि पुरावाही उरत नाही. 'घरी सांगू नकोस' हे वाक्य आज मुलाला घरापासून वेगळे पाडते, आणि उद्या काही बिघडलेच तर 'इतके दिवस लपवले, आता कोणत्या तोंडाने सांगू' या विचाराने त्याला गप्प ठेवते. फोटोची पहिली मागणीही बहुधा साधीच असते. फोटो हाती येतो की नाही याहीपेक्षा हा मुलगा नाही म्हणू शकतो का, हे त्यातून चाचपून पाहिले जाते.

समोरचा खरोखरच १६ वर्षांचा, एकटा पडलेला मुलगा असेल, ही शक्यता मी नाकारत नाही. पण तो कोण आहे याचा छडा लावणे हे तुमचे काम नाही आणि तुमच्या निर्णयासाठी त्याची गरजही नाही. त्याच्याशी स्वतः संपर्क साधू नका, मुलाच्या नावाने संदेश पाठवून त्याची परीक्षा घेऊ नका आणि रागाच्या भरात धमकी तर मुळीच देऊ नका. त्याचा हेतू वाईट असेल तर तो सावध होईल, खाते पुसेल, दुसऱ्या नावाने परत येईल आणि तुमच्या हाती असलेला मागही निघून जाईल. व्हिडिओ कॉलवर चेहरा पाहून खात्री करून घेऊ, असाही विचार तुमच्या मनात येईल. आधी रेकॉर्ड केलेले किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेने बदललेले चेहरे कॉलवर दाखवता येतात, त्यामुळे त्या खात्रीला आता फारसा अर्थ उरलेला नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तुमच्यापुढे असलेल्या प्रत्येक पर्यायाला एकच कसोटी लावून पाहा, असे मी सुचवीन. उद्या मध्यरात्री या फोनवर काही भयंकर घडले, तर तुमचा मुलगा तुम्हाला झोपेतून उठवील का? ज्या उपायामुळे त्याला तुम्हाला उठवणे सोपे जाईल तो उपाय करावा, आणि ज्यामुळे अवघड जाईल तो कितीही कडक आणि मनाला समाधान देणारा असला तरी सोडून द्यावा.

मी ही कसोटी हळवेपणाने सांगत नाही. सध्या किशोरवयीन मुलांबाबत जे गुन्हे घडत आहेत, त्यांची घडणच तशी आहे. पैशांसाठी होणाऱ्या लैंगिक ब्लॅकमेलला बळी पडणाऱ्यांत १४ ते १७ वयोगटातील मुलगे प्रामुख्याने असतात, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने वारंवार दिला आहे. ऑनलाइन धोका म्हटला की आपल्याला आधी मुली आठवतात आणि मुलग्यांच्या बाबतीत आपण काहीसे निर्धास्त असतो, म्हणून हे मुद्दाम सांगते. या प्रकारात मुलीच्या नावाने उघडलेल्या खात्यावरून ओळख केली जाते, तिकडून आधी फोटो येतो आणि मग मुलाकडे तसाच फोटो मागितला जातो. तो मिळाल्याबरोबर भाषा बदलते. मुलाच्या मित्रांची, नातेवाइकांची, शाळेतल्या मुलांची यादी त्यालाच स्क्रीनवर दाखवली जाते आणि पैसे किंवा गिफ्ट कार्ड मिळाले नाही तर या सगळ्यांना फोटो पाठवू, असे सांगितले जाते. ओळखीपासून धमकीपर्यंतचा हा सगळा प्रवास कधी कधी काही तासांतच पुरा होतो. घाबरलेल्या मुलांनी त्यानंतर स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करून घेतल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत.

हे सर्व ज्या शक्तीवर चालते ती शक्ती फोटोत नसते. 'घरी कळले तर माझे काय होईल' या मुलाच्या भीतीत ती असते. घरी कळले तर रागावतील, रडतील, पण मला सोडून देणार नाहीत आणि मदतच करतील, एवढे ज्या मुलाला आधीपासून ठाऊक असते, त्याच्यापुढे ब्लॅकमेल करणाऱ्याचे हत्यार बोथट होते. अशा प्रसंगी पहिल्या तासाभरात मोठ्या माणसाला कळणे हेच सर्वांत मोठे संरक्षण असते. बाकीच्या सेटिंग आणि ॲप यांचा क्रम त्यानंतरचा.

या कसोटीवर तुमच्या पतींचा उपाय टिकत नाही, हे सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण त्यामागची काळजी खरी आहे आणि मार्ग मात्र उलटा परिणाम करणारा आहे. फोन काढून घेतला तरी खेळातले खाते तसेच राहते. मित्राच्या फोनवरून, जुन्या टॅबलेटवरून, शाळेतल्या संगणकावरून ते उघडता येते आणि तोच संपर्क तुमच्या नजरेआड चालू राहतो. त्याहून वाईट म्हणजे घरी काही कळले की फोन जातो, हा धडा मुलगा त्यातून शिकतो. पुढच्या वेळी तो सांगणार नाही. तेव्हा मुलाशी बोलण्याआधी पतींशी बोला आणि तुमच्या दोघांत एक गोष्ट ठरवून घ्या: मुलाने आपण होऊन काही सांगितले, तर त्या सांगण्याबद्दल फोन जाणार नाही, ते काहीही असले तरी. हे वचन दोघांनी मिळून द्यायचे आहे. एकाने दिले आणि दुसऱ्याने मोडले, तर ते न दिलेलेच बरे.

याचा अर्थ घरात फोनचे नियमच नसावेत, असा कृपया घेऊ नका. शिक्षा आणि नियम यांत फरक आहे. रात्री ठरावीक वेळेनंतर घरातले सगळे फोन, तुमचे आणि पतींचे धरून, झोपण्याच्या खोल्यांबाहेर एका जागी चार्जिंगला राहतील, हा नियम मला अत्यंत उपयुक्त वाटतो. एकान्त, थकवा आणि घरातल्या मोठ्यांची झोप या तिन्ही गोष्टी रात्री एकत्र येतात आणि मुलाकडून नको ते होऊन जाण्याची शक्यता तेव्हाच अधिक असते. मोठ्यांनाही लागू असलेला नियम मुले कुरकुर करीत का होईना, पाळतात.

मैत्रिणीने सुचवलेल्या ॲपविषयी माझे मत स्पष्ट आहे: ते बसवू नका. गुपचूप लक्ष ठेवणारी ही ॲप मुलाचे संदेश, फोटो, ठिकाण हे सगळे उचलून एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर नेऊन ठेवतात आणि तो सर्व्हर किती सुरक्षित आहे हे तुम्हाला कधीच कळत नाही. २०१८ साली 'टीनसेफ' नावाच्या अशाच एका ॲपचे सर्व्हर इंटरनेटवर उघडे राहिले होते. पालकांचे ईमेल पत्ते आणि मुलांच्या ॲपल खात्यांचे पासवर्ड त्यावर कुणालाही वाचता येतील अशा साध्या अक्षरांत पडलेले आढळले. 'एमस्पाय' या दुसऱ्या ॲपची माहिती तर एकाहून अधिक वेळा बाहेर पडली. मुलाला अनोळखी माणसांपासून वाचवण्यासाठी त्याचे सगळे खासगी आयुष्य दुसऱ्या अनोळखी माणसांच्या हवाली करावे, यात कोणते शहाणपण आहे? शिवाय फोन वापरण्यात चौदा वर्षांची मुले आपल्याहून तरबेज असतात. असे ॲप त्यांना सापडते, आणि सापडल्यावर ती दुसरा फोन मिळवतात.

उघडपणे, मुलाला सांगून वापरायची साधने वेगळी. गूगलचे 'फॅमिली लिंक' आणि ॲपलचे 'स्क्रीन टाइम' यांतून वेळेची मर्यादा घालता येते आणि नवे ॲप घेण्यासाठी परवानगीची अट ठेवता येते. खेळणारी मुले एकमेकांशी बोलण्यासाठी वापरतात त्या 'डिस्कॉर्ड' या ॲपने २०२३ मध्ये पालकांसाठी 'फॅमिली सेंटर' सुरू केले. त्यात मूल कुणाशी बोलते हे पालकांना दिसते, पण काय बोलते ते दिसत नाही. ही मर्यादा मला योग्य वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनेही २०२१ साली डिजिटल जगातील मुलांच्या हक्कांविषयी जे भाष्य प्रसिद्ध केले, त्यात मुलांवरील देखरेख प्रमाणात असावी आणि त्यांच्या वाढत्या समजेचा मान राखणारी असावी, असेच म्हटले आहे.

मग तुम्ही फोन पाहिला हे मुलाला सांगावे का? होय, सांगावे, आणि बोलण्याची सुरुवात तिथूनच करावी. न सांगता आडून आडून प्रश्न विचारले तर तो दोन मिनिटांत ओळखील आणि मग तुमच्या काळजीऐवजी तुमच्या लपवाछपवीवर बोलणे सुरू होईल. शिवाय ज्या माणसाने त्याला घरापासून लपवायला शिकवले, त्याच्याविषयी बोलताना तुम्हीही काही लपवत असाल तर तुमचे म्हणणे लंगडे पडते. सुरुवात साधारण अशी करता येईल : "मला तुला एक सांगायचं आहे आणि ते ऐकून तुला राग येईल. मागच्या आठवड्यात एका रात्री मी तुझा फोन पाहिला. तुला न विचारता पाहिला, ते मला करायला नको होतं. पुन्हा असं करावंसं वाटलं तर आधी तुला सांगेन. पण त्यात मी जे वाचलं त्याची मला काळजी वाटते आहे. तू काही चुकीचं केलंस असं मी म्हणत नाही." एवढे सांगून थांबावे. तो चिडेल, उठून जाईल, दार आपटेल. त्याला चिडू द्या. त्याचा राग रास्त आहे. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी विषय पुन्हा काढा. समोरासमोर बसून डोळ्यांत पाहत बोलण्यापेक्षा बरोबर चालताना, काम करताना किंवा प्रवासात शेजारी बसून बोललेले या वयाच्या मुलांना सोपे जाते. पहिल्या वेळी दोघांपैकी एकानेच बोलावे. आईवडील दोघे समोर बसले की मुलाला ती चौकशी वाटते.

पुढचे बोलणे प्रश्नांनी होऊ द्या, पण उत्तर आधीच ठरलेले प्रश्न नकोत. तो मित्र कसा आहे, त्याच्याशी काय बोलायला आवडते, त्याने कधी असे काही विचारले का की ज्यामुळे तुला अवघडल्यासारखे झाले? इथे एक गोष्ट पालकांच्या लक्षात सहसा येत नाही. तुमच्या दृष्टीने तो एक संशयास्पद अनोळखी इसम आहे. तुमच्या मुलाच्या दृष्टीने तो रोज रात्री त्याची वाट पाहणारा, त्याच्या खेळाचे कौतुक करणारा, त्याचे ऐकून घेणारा मित्र आहे. मैत्रीतला समोरचा माणूस खोटा निघाला तरी मुलाच्या मनातली मैत्री खोटी नसते. 'तुला मूर्ख बनवले', 'एवढेही कळले नाही का?' असली वाक्ये तोंडून जाऊ देऊ नका. त्यापेक्षा त्या चार गोष्टी त्याच्यापुढे ठेवा आणि त्यालाच विचारा की, तुझ्या एखाद्या मित्राला कुणी असे लिहिले असते तर तू त्याला काय सांगितले असतेस? मुले मित्राच्या बाबतीत फार स्वच्छ विचार करतात. आणि हेही विचारा, अर्थात त्या दिवशी नव्हे, की ही रोजची सोबत त्याला तिथेच का शोधावी लागली. त्याचे उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही, पण पुढच्या काही महिन्यांत तुम्ही काय करायचे ते त्यातूनच कळेल.

हा संपर्क थांबलाच पाहिजे. बोलण्याची पद्धत मृदू असावी, पण या मुद्द्यावर तडजोड करू नये. घरापासून लपवायला सांगणाऱ्या आणि फोटो मागणाऱ्या अनोळखी व्यक्तीशी बोलणे चालू ठेवायची परवानगी मी तुमच्या जागी असते तर दिली नसती. मात्र थांबवण्याची कृती त्याच्या हातून होऊ द्या. आधी त्या संभाषणाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, त्यात समोरच्याचे वापरकर्तानाव, खात्याची लिंक, तारीख आणि वेळ दिसतील असे पाहा, मग खेळातच त्या खात्याची तक्रार नोंदवा आणि त्यानंतर ब्लॉक करा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधी ब्लॉक केले किंवा संभाषण पुसले तर तक्रारीसोबत दाखवायला काही राहत नाही. निरोपाचा लांबलचक संदेश पाठवण्याची गरज नाही. त्यानंतर काही दिवस मुलगा उदास राहील. त्याला थोडी मोकळीक द्या.

तुम्हाला फोटो पाठवलेला दिसला नाही, पण पुसले जाणारे संदेश तुम्हाला दिसणार नव्हतेच, हेही लक्षात असू द्या. बोलता बोलता असा फोटो गेला आहे असे त्याने सांगितले, तर तुमचा चेहरा त्या क्षणी काय सांगतो यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून आहे. 'सांगितलेस ते बरे केलेस, आता आपण दोघे मिळून पाहू,' एवढे म्हणा. पैशांची मागणी झाली असेल तर पैसे देऊ नका. एकदा पैसे दिले म्हणजे हे घर पैसे देते एवढेच त्यांना कळते आणि मागणी वाढते. उत्तरे देणे थांबवा, खाते पुसू नका, पुरावा जपा, पोलिसांच्या सायबर विभागाकडे आणि ज्या ॲपवर किंवा खेळात हे घडले त्या व्यासपीठाकडे तक्रार करा. असा फोटो पती, बहीण, मैत्रीण यांपैकी कुणालाही सल्ला घेण्यासाठीसुद्धा पाठवू नका. अल्पवयीन मुलांचे असे चित्र जवळ बाळगणे किंवा पुढे पाठवणे बहुतेक देशांत गुन्हा आहे आणि त्याला पालकही अपवाद नसतात.

फोटो इंटरनेटवर पसरण्याची भीती असेल तर 'टेक इट डाउन' ही सेवा माहीत असू द्या. अमेरिकेतील बेपत्ता व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राने ती चालवली आहे, ती विनामूल्य आहे आणि १८ वर्षांखाली असताना काढलेल्या फोटोंसाठी ती कोणत्याही देशातून नाव न सांगता वापरता येते. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. त्या फोटोपासून तयार होणारा आकड्या-अक्षरांचा एक ठसा तेवढा केंद्राकडे जातो आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट यांसारखी सहभागी व्यासपीठे त्या ठशाशी जुळणारे चित्र शोधून काढून टाकू शकतात. ज्या ॲपमध्ये संदेश कूटबद्ध असतात आणि कंपनीलाही वाचता येत नाहीत, तिथे ही सेवा पोहोचत नाही. तरीही आपल्या हातात काही आहे हे मुलाला दिसणे, त्या रात्री फार मोलाचे ठरते. मुलगा अगदीच कोसळलेला वाटला तर त्याला एकटे सोडू नका आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. बहुतेक देशांत अशी हेल्पलाइन असते. तिचा क्रमांक आजच शोधून त्याच्या आणि तुमच्या फोनमध्ये घालून ठेवा.

आणखी एक गोष्ट त्याला सांगायला हवी. स्वतः काही पाठवले नाही म्हणजे आपण सुरक्षित आहोत, असे आता म्हणता येत नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये स्पेनमधील अल्मेंद्रालेहो या गावात शाळकरी मुलींच्या सोशल मीडियावरील साध्या, पूर्ण कपड्यांतल्या फोटोंपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपने नग्न चित्रे बनवून ती पसरवण्यात आली होती, आणि ते करणारी त्यांच्याच ओळखीची अल्पवयीन मुले होती. त्यांतल्या पंधरा जणांना पुढे न्यायालयाने एक वर्षाच्या देखरेखीची शिक्षा दिली. तुमचा मुलगा अशा प्रकाराला बळी पडू शकतो तसाच मित्रांच्या नादाने त्यात सामीलही होऊ शकतो, आणि आपला मुलगा असे करणारच नाही, असे त्या मुलांच्या घरीही वाटत असणार. या दुसऱ्या शक्यतेबद्दल घरोघरी बोलणे अगदीच कमी होते.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगते, कारण ती एका संध्याकाळी उरकण्यासारखी आहे. खेळात अनोळखी व्यक्तींकडून येणारे खासगी संदेश आणि आवाजी संभाषण बंद करता येते किंवा ओळखीच्या मित्रांपुरते ठेवता येते. सोशल मीडियावरची खाती खासगी करावीत, ठिकाण दाखवणे बंद करावे, शाळेचा गणवेश किंवा घराचा परिसर दिसणारा फोटो प्रोफाइलला लावू नये. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारण्याची सोय) असावी, आणि ओटीपी मित्रालाही सांगू नये, कारण खाते बळकावणारा बहुधा मित्राच्याच बळकावलेल्या खात्यावरून तो मागतो. हे सगळे मुलाकडून शिकून घ्यायचे आहे अशा थाटात करा. फोन त्याच्या हातात राहू द्या आणि तुम्ही शेजारी बसा.

राहिली धाकटी. बहुतेक व्यासपीठांवर खाते उघडण्यासाठी किमान वय १३ असते, पण तेराव्या वर्षी मूल सोशल मीडियासाठी तयार होते असे कुणी तज्ज्ञांनी ठरवलेले नाही. अमेरिकेत १९९८ साली झालेल्या एका कायद्याने १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करण्यास मनाई केली, आणि ती कटकट टाळण्यासाठी कंपन्यांनी तोच आकडा जगभर दारावर लावला. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोशल मीडियावरील खात्यांसाठी हे वय १६ केले आहे. तेव्हा आकड्यावर वाद घालू नका. खोट्या जन्मतारखेला मात्र ठाम नकार द्या, आणि त्याचे कारण तिला कळेल असे सांगा. इन्स्टाग्रामने २०२४ पासून किशोरवयीन मुलांची खाती आपोआप खासगी ठेवायला आणि अनोळखी व्यक्तींचे संदेश रोखायला सुरुवात केली. १६ वर्षांखालील मुलांना हे निर्बंध सैल करण्यासाठी पालकांची परवानगी लागते. हे सारे मुख्यतः जन्मतारखेवर अवलंबून असते. आज ११ वर्षांच्या मुलीचे वय १८ लिहिले, तर ते व्यासपीठ तिला बहुधा प्रौढ समजून वागवते आणि ही संरक्षक व्यवस्था तिच्यासाठी आपोआप चालू होईल याची खात्री राहत नाही. तिला मैत्रिणींशी बोलायचे असेल तर तुमच्या फोनवरून, तुमच्या देखत बोलू द्या, आणि नियमाप्रमाणे वय झाल्यावर, ती त्याला तयार आहे असे तुम्हालाही वाटले, तर खरी तारीख घालून तिच्या शेजारी बसून खाते उघडा.

फक्त हा विषय या आठवड्यात तिच्यापुढे काढू नका. आधी मुलाशी बोलणे होऊ द्या. दोघांनाही एकाच वेळी फोनच्या बाबतीत 'नाही' असे ऐकावे लागले, तर भावामुळे आपल्याला शिक्षा झाली असे ती म्हणेल, तोही ते ऐकेल, आणि पुढच्या वेळी काही सांगण्याआधी त्याला तेच आठवेल.